आठवड्याचा खिळा

सोमवार, २ सप्टेंबर २०१९

सगळं यार्वबू गाव आज पहाटेच एल्क हरणांच्या शिकारीला जंगलात गेलंय. म्हटलं, निवांत बसून वह्या लावाव्यात. तेवढ्यात वर्तमानपत्रातून रोन्याचा फोन. ही क्रीडापानाची नवी संपादक. वय एकोणतीस, बसते तीनशे किलोमीटर लांब. आमचं मैदान हिने नकाशावर तरी पाहिलंय का, देव जाणे.

"अल्वार, तुझा सामन्याआधीचा लेख फार छान असतो," म्हणाली. एवढ्या गोडीने कुणी सुरुवात केली की मी सावध होतो. "पण वाचून झाल्यावर वाचकाने करायचं काय?"

"करायचं काय म्हणजे? समजून घ्यायचं!"

"तसं नाही रे. पैज कशावर लावायची ते हवं. खाली एक चौकट टाकू. खेळायचा कोन."

खेळायचा कोन! चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. काटकोन, लघुकोन, विशालकोन, सगळे माहीत आहेत. हा कुठला नवीन कोन काढला या बाईने? एकोणीस वर्षं आमच्या मुलींच्या फुटबॉल संघाबद्दल 'आकडे काय सांगतात' लिहितोय, तेही फुकट, आणि आता मी सट्टेवाल्यांचा दलाल व्हायचं? यंदा जानेवारीपासून या पैजेच्या कंपन्यांना रान मोकळं मिळालंय. टीव्ही लावला की दर पाच मिनिटांनी कुणीतरी दात काढून सांगतो, लावा पैज. राहता राहिला होता माझा लेख.

मी ठणकावून सांगितलं, जमणार नाही. तर म्हणते, "बरं, मग यंत्राकडून लिहून घेते. निकालाच्या बातम्या आता यंत्रच लिहितं. कुणी ओळखतही नाही."

मी ओळखतो! गेल्या महिन्यात त्या यंत्राने शून्य-शून्य सुटलेल्या सामन्याला 'गोलांचा पाऊस' म्हटलं होतं.

सूलवेयला, म्हणजे बायकोला, सांगितलं तर ती शांतपणे बटाटे सोलत म्हणाली, "मग सोडून दे ना." सोडून दे म्हणे! एकोणीस निळ्या वह्या आहेत माझ्या कपाटात. त्या काय शेकोटीत घालू?

बुधवार, ४ सप्टेंबर

हो म्हणून टाकलं. यंत्राच्या हाती आमचा संघ द्यायचा नाही, एवढ्याचसाठी.

गुरुवार, ५ सप्टेंबर

शनिवारी स्ट्रेमनेसशी सामना, आपल्याच मैदानावर. आपण तक्त्यात खालून चौथे आहोत आणि शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात. म्हणजे गंमत नाही.

आधी कंपन्यांचे भाव बघितले आणि अंगाचा तिळपापड झाला. कोण जिंकणार यावर पैज, ते समजू शकतो. पण पिवळं कार्ड कुणाला मिळणार, यावरही पैज! आणि त्यात गणितसुद्धा धड नाही. हेदविग विकलान्देरला पिवळं कार्ड मिळण्याचा भाव लावलाय ४.२०. म्हणजे यांच्या मते शक्यता चोवीस टक्के. अरे, सतरा सामन्यांत सहा कार्डं झालीत तिची. डोळे मिटून भागाकार केला तरी पस्तीस येतात! आणि वही उघडली की खरा प्रकार दिसतो. सहाच्या सहा कार्डं दुसऱ्या अर्ध्यात, सहाच्या सहा उजवीकडून चढणाऱ्या संघांविरुद्ध. असे सामने झाले सात. सातात सहा! आणि स्ट्रेमनेस उजवीकडूनच चढतं.

कारणही मला ठाऊक आहे. आपली डावी बचावपटू बॉल दिसला की वर पळत सुटते, आणि मागे पडलेलं भगदाड हेदविगला एकटीला बुजवावं लागतं. त्यात ती वृद्धाश्रमात सकाळची पाळी करून मैदानावर येते. दुसऱ्या अर्ध्यात दमते, पोचायला उशीर होतो, पाय घालते, शिट्टी. हे मला बोर्येनेच सांगितलं होतं कॉफी पिताना. बोर्ये विकलान्देर म्हणजे हेदविगचा बाप, आणि सत्तावीस वर्षांचा माझा कूपनमधला भागीदार. दर शनिवारी आम्ही दोघं मिळून तेरा सामन्यांच्या निकालांचा अंदाज करून पैजेचं कूपन भरतो. त्यात ज्या सामन्यावर एकच खूण करायची, दुसरी पळवाट ठेवायचीच नाही, तो खिळा. माझा एक, त्याचा एक. ज्याचा खिळा निखळला त्याने सोमवारी क्लबच्या खोलीत हिरवा, वर साखरेचा गुलाब असलेला केक आणायचा. सत्तावीस वर्षांत हा नियम एकदाही मोडलेला नाही.

तर रोन्याबाईंना कोन हवाय ना? घ्या कोन. कारणं सगळी सविस्तर दिली, सकाळची पाळी धरून, आणि खाली चौकटीत लिहिलं: 'आठवड्याचा खिळा. क्रमांक ६, हेदविग विकलान्देर, पिवळं कार्ड. सातात सहा.'

कंपन्यांना कळू दे, मुलींच्या फुटबॉलची वही ठेवणारा कुणीतरी आहे म्हणून.

शनिवार, ७ सप्टेंबर

एकसष्टावं मिनिट! त्यांची उजवी आघाडीची पोर कडेने गोलकडे सुटली होती. हेदविग मागून आली, पाय घातला, दोघी आडव्या. पंचाने खिशात हात घातला आणि माझ्या तोंडून "बसला!" एवढ्या जोरात निघालं की पुढच्या रांगेतले मागे वळून बघायला लागले. सॉसेजच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "अल्वार, तू तर चेटक्या निघालास." चेटूक कसलं त्यात? साधा भागाकार आहे.

सामना १–१. संपल्यावर हेदविग माझ्या दिशेने बघत होती असं वाटलं. मी हात केला. तिने केला नाही. ऊन होतं तिच्या डोळ्यांवर.

सोमवार, ९ सप्टेंबर

बोर्येचा खिळा निखळला होता, म्हणून केक त्याचा. कापता कापता म्हणाला, "माझ्या पोरीवर खिळा ठोकलास की रे."

"आणि बसला की नाही?" मी म्हटलं.

"बसला," म्हणाला. केकवरच्या गुलाबाचा तुकडा त्याने आपणहून मला दिला. एरवी त्या गुलाबावरून आमची जुंपते. स्वतः काही खाल्लं नाही. साखर वाढली असणार. डॉक्टरकडे जा म्हटलं तर ऐकायचं नाही याला.

रोन्याचा फोन. लेख चाळीस हजार लोकांनी वाचला. यार्वबूत माणसं सहा हजार, त्यातली निम्मी मला टाळतात. मग वाचतंय कोण? "सगळा देश," ती म्हणाली. नेटवर शोधलं तर काय, कुठल्या कुठल्या पैजेच्या पानांवर माझा लेख जसाच्या तसा! नाव एका ठिकाणी 'अल्वर', दुसऱ्या ठिकाणी नावच नाही. राजरोस चोरी! माझा सातात सहा, आणि खाली भलत्याचाच फोटो. एका पानाला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं एक पिवळा हसरा चेहरा.

शनिवार, १४ सप्टेंबर

लुन्दटोर्पला गेलो, सूलवेय गाडी चालवत होती. खिळा पुन्हा बसला, सत्तरावं मिनिट. नवात आठ.

पण प्रेक्षक म्हणायचे की कोण? पंधरा-वीस अनोळखी बाप्ये, हातात फोन, दुसरा अर्धा सुरू झाल्यापासून एकच ओरडा, "सहा! पाड तिला! पाड ना, कशाची वाट बघतेस!" ती बॉलजवळ नसली तरीही! एकाने मला विचारलं, आपण कुठल्या रंगात खेळतोय. मी म्हटलं, "बाबा रे, मग आलास कशाला?" तर म्हणे, "खिळ्यासाठी." ऑफसाइड कळत नाही आणि निघाले फुटबॉल बघायला! असल्या लोकांमुळे खेळाची अब्रू जाते.

सूलवेय दुसऱ्या अर्ध्यात गाडीत जाऊन बसली. थंडी वाजते म्हणाली. अठरा अंश होतं.

बुधवार, १८ सप्टेंबर

आईला भेटायला वृद्धाश्रमात गेलो. आई आता त्र्याण्णव, हेदविगशिवाय कुणाच्या हातून जेवत नाही. भरवून झाल्यावर हेदविग माझ्या मागोमाग बाहेर बोळात आली.

"अल्वार, एक सांगायचं होतं. ते खिळ्याचं थांबव ना."

"का? दोन्ही वेळा बसला."

"लोक मला लिहितात."

"मलाही लिहितात. परवा एकाने मला गाढव म्हटलं."

"तसं नाही रे." तिने फोन काढून माझ्यासमोर धरला. "हे बघ. आज सकाळपासूनचे आहेत हे. आणि कामाचं कशाला लिहिलंस? मी कुठे काम करते ते?"

मी तिला समजावलं की आकड्याला संदर्भ लागतो, नाहीतर तो नुसता आकडा. मी हेदविगबद्दल लिहीतच नाही, मी क्रमांक सहाबद्दल लिहितो. आणि एवढं लागत असेल तर पाय जरा लवकर घालावा, म्हणजे चूक होणार नाही. फोनवरची अक्षरं मुंगीएवढी. म्हटलं, "चष्मा नाही जवळ. नंतर बघतो."

ती फोन खिशात टाकून आत गेली.

हल्लीच्या मुलांना कातडीच नाही. वर्गात मी सगळ्यांसमोर हिची चूक फळ्यावर मांडायचो, तेव्हा कधी कुरकुरली नाही. चष्मा घरी आल्यावर कोटाच्या खिशातच सापडला. असो.

शनिवार, २१ सप्टेंबर

संताप, संताप, संताप!

ओल्मविक उजवीकडूनच चढतं, म्हणून खिळा तोच ठेवला होता. मैदानावर एवढी गर्दी मी एकोणीस वर्षांत पाहिली नाही. अडुसष्टावं मिनिट, त्यांची पोर बॉल घेऊन भगदाडातून आत, हेदविग पोचली, अगदी वेळेवर पोचली, आणि तिने पाय मागे घेतला! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घातलेला पाय मागे घेतला! ती पोर तिला ओलांडून गेली आणि गोल. ०–१. गेले गुण.

त्या फोनवाल्यांनी जी बोंब ठोकली ती तळ्यापलीकडे ऐकू गेली असेल. एकाने कॉफीचा कप फेकला मैदानात. हे चूकच. पण ती का म्हणून पाय मागे घेते? संघ बुडायला आलाय आणि ही माझ्या आकड्यांवर रुसून बसलीय!

सोमवार, २३ सप्टेंबर

सामन्यावरचा लेख छापून आला. सौम्य लिहिलाय, कुणाला शिवी नाही. मथळा तेवढा रोन्याने उचलला माझ्याच वाक्यातून: 'पाय मागे घेणारी'. एकोणीस सामन्यांत जे कधी झालं नाही ते त्या एका क्षणी झालं, का झालं ते तिनेच सांगावं, एवढंच म्हटलंय. प्रश्न विचारायचा नाही का माणसाने?

खिळा माझा निखळला होता, म्हणून केक माझा. नियम म्हणजे नियम. तीन वाजता क्लबच्या खोलीत जाऊन बसलो, कॉफी केली, दोन बशा मांडल्या. बोर्ये आला नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा! फोन केला, उचलला नाही. पाच वाजता स्वतःच दोन तुकडे खाल्ले, गुलाबासकट, आणि उरलेला घरी आणला.

सूलवेयने दालचिनीचे बन भाजले होते. ते पिशवीत भरून बाहेर निघाली. कुठे, तर "जरा पाय मोकळे करायला". बन घेऊन पाय मोकळे करतात हे मला आजच कळलं. माझ्या केकला हातही लावला नाही.

गुरुवार, २६ सप्टेंबर

रोन्या खूश. 'पाय मागे घेणारी' हे शब्द आता सगळीकडे फिरताहेत म्हणे. नाव अर्थातच कुठे नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

हेदविग संघातच नाही! 'आजारी' एवढं एका शब्दात लावलं होतं. तिच्या जागी एकोणीस वर्षांची एक पोर. ०–३. तीनही गोल त्याच भगदाडातून, एकामागून एक. आता आपण खालून तिसरे.

ऐन वेळेला संघाला असं वाऱ्यावर सोडायचं? माझ्या वेळी ताप असला तरी लोक खेळायचे. सूलवेयला हे म्हटलं तर ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

रविवार, २९ सप्टेंबर

आईने सूप घेतलं नाही. नवीन मुलीने चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायची. "ती कुठाय?" म्हणून तीनदा विचारलं. आजारी आहे म्हटलं.

"तूच काहीतरी बोलला असशील," आई म्हणाली. त्र्याण्णव वर्षांची बाई, वार आठवत नाही तिला, आणि हे मात्र सुचतं!

सोमवार, ३० सप्टेंबर

आज बोर्ये आला. क्लबच्या खोलीत नाही, माझ्या दाराशी. आत ये म्हटलं तर पायपुसण्यावरच उभा राहिला, बूट न काढता. हातात कागदांचा गठ्ठा.

"हे काय?"

"हेदविगला आलेली पत्रं. ग्रंथालयात जाऊन छापून घेतली. म्हटलं, तुला मोठ्या अक्षरांत हवीत."

मी म्हटलं, "बोर्ये, चार मूर्ख काय लिहितात त्याचं एवढं काय घेऊन बसायचं? आणि तू सोमवारी आला नाहीस. केक फुकट गेला."

त्याचा चेहरा लाल झाला. चाळीस वर्षं बस चालवली त्याने, मी त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नाही. आजही चढवला नाही.

"तिने खेळणं सोडलंय, अल्वार. बूट धुऊन पेटीत घालून क्लबात देऊन आली. रात्रपाळीला जात नाही, अंधारात बाहेर पडत नाही. सकाळी मी सोडायचो तिला कामावर, आणि दुपारी मीच आणायचो. गेला आठवडा तेही बंद आहे."

"पण मी तर फक्त आकडे..."

"मी तुला ते कॉफी पिताना सांगितलं होतं. भगदाडाचं, आणि तिच्या पाळीचं. मित्र म्हणून सांगितलं होतं." त्याने गठ्ठ्याच्या कडा सरळ केल्या. "खिळा कशासाठी असतो रे? फळी धरून ठेवायला. आपली सगळी बचावफळी त्या पोरीवर टिकून होती. आणि तू हातोडा घेऊन बसलास."

गठ्ठा बुटांच्या मांडणीवर ठेवून गेला. मी एवढा चिडलो की दार आपटलं. माझ्याच घरात येऊन मला हातोडा म्हणतो!

मंगळवार, १ ऑक्टोबर

चष्मा लावून बसलो. म्हटलं, मोजून दाखवू बोर्येला, मूर्ख किती आणि शहाणे किती.

एकूण दोनशे चौदा. पाचापाचाच्या रेघा मारत गेलो, जसा कॉर्नर मोजतो तसा. 'खिळा' हा शब्द असलेली एकशे एकतीस. पहिलं पत्र पाच सप्टेंबरचं, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. लेख नेटवर लागला होता सातला. वृद्धाश्रमाचा उल्लेख असलेली सदतीस. त्यातल्या एकात लिहिलं होतं, 'सकाळची पाळी कितीला सुटते? दारात थांबतो.' एकात, 'म्हातारे मरतील तुझ्या हातून, पाय तर घालता येत नाही.' काही अशी, की ती मी या वहीतही उतरवणार नाही. ही माझी खाजगी वही आहे, तरीही नाही.

कोण आहेत हे नीच लोक? यांना आया नाहीत, बहिणी नाहीत? चोवीस वर्षांच्या पोरीला हे लिहितात? एकेकाचा पत्ता शोधून पोलिसांत देईन म्हटलं.

आणि मग एकवीस तारखेनंतरची आली. 'पाय मागे घेणारी.' पुन्हा 'पाय मागे घेणारी.' अठ्ठेचाळीस वेळा. एकाने तर सगळं वाक्यच लिहिलं होतं: 'एकोणीस सामन्यांत जे कधी झालं नाही ते त्या एका क्षणी झालं, का झालं ते तूच सांग.' खाली एक शिवी. शिवी सोडली तर वाक्य माझंच होतं, स्वल्पविरामासकट.

रेघा मारायचं थांबवलं.

बुधवार, २ ऑक्टोबर

सूलवेय सकाळी माझ्यासमोर बसली. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी दर दोन दिवसांनी जाते त्यांच्याकडे."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं, सोडून दे म्हणून. लुन्दटोर्पला गाडीत जाऊन बसले. बन नेले. अजून कसं सांगायचं, अल्वार? फळ्यावर लिहून?"

मी उठलो आणि तिच्या कपात कॉफी ओतली.

दुपारी वह्या काढल्या. माझ्या वह्यांत कार्डांचा रकाना आहे, कॉर्नरचा आहे, वाऱ्याच्या दिशेचाही आहे. कार्डामुळे न झालेल्या गोलचा रकाना नाही. एकोणीस वर्षांत तो आखावासा वाटला नाही! यंदाची तिची आठही कार्डं पुन्हा तपासली. आठही वेळा समोरची पोर कडेने गोलकडे सुटली होती. माझ्याच जुन्या नोंदींप्रमाणे अशी सुटलेली खेळाडू दहात चार वेळा गोल करते. म्हणजे हेदविगने अंगावर घेतलेल्या आठ कार्डांनी तीन गोल वाचवले. ते सामने धरले तर चार गुण. त्या चार गुणांवर आम्ही तग धरून होतो.

गणिताचा मास्तर म्हणे! अर्धंच उदाहरण सोडवलं आणि खाली दोन रेघा मारून मोकळा झालो.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

लेख पाठवला. सगळं लिहिलं. कार्डं काय होती, गोल किती वाचले, आणि तिने पाय मागे घेतला तो का घेतला. 'तिने पाय मागे घेतला, कारण मी तो देशभर विकायला काढला होता,' असं वाक्य आहे त्यात. तिची आणि बोर्येची माफी मागितली, नाव घेऊन.

रोन्याचा फोन दहा मिनिटांत. "अल्वार, हे फार मनापासून आलंय. पण यात कोन कुठे आहे?"

"नाही."

"चौकट रिकामी ठेवता येत नाही मला. कंपनीबरोबर ठरलंय तसं."

"मग त्या चौकटीत माझं नाव टाक आणि भाव लाव, हा म्हातारा परत लिहील की नाही!"

"अल्वार, प्लीज."

"नाही लिहिणार. शक्यता शंभर टक्के. हा घे तुझा खिळा!" आणि फोन ठेवला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या जागी यंत्राचा लेख छापलाय. माझ्याच जुन्या लेखांतून उचललेली वाक्यं, माझीच धाटणी, आणि खाली चौकट: 'आठवड्याचा खिळा. क्रमांक ६, हेदविग विकलान्देर, पिवळं कार्ड.' जी पोर खेळतच नाही तिच्यावर! फोन केला तर रोन्या म्हणाली, यंत्राला कळत नाही, आता नेटवरून काढते. काढलं दुपारी. छापील अंक तोवर घराघरांत पोचला होता. हेदविगला आज किती पत्रं आली असतील, त्याचा आकडा माझ्याकडे नाही.

माझा लेख सूलवेयने मोठ्या अक्षरांत छापून दिला. एक प्रत क्लबच्या खोलीत लावली, एक दुकानाच्या दारावर, एक वृद्धाश्रमाच्या सूचनाफलकावर. एक बोर्येच्या पत्रपेटीत टाकली. दुकानात एकाने वाचून विचारलं, "मग उद्या लावायचं कशावर?" मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

शनिवारी ०–२. वहीत नोंद केली नाही.

केकची दुकानं आज उघडी होती, पण क्लबच्या खोलीत कुणी नसणार म्हणून गेलो नाही. वृद्धाश्रमात गेलो. खोलीत शिरलो तर हेदविग! आजपासून परत कामावर. आईच्या पलंगापाशी बसून तिला सूप भरवत होती आणि आई लहान मुलासारखी आ करून घेत होती. मला बघून हेदविगने मान हलवली, जशी कुणाही नातेवाइकाला बघून हलवतात तशी.

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मग म्हटलं, "हेदविग, खाली फलकावर मी एक लिहून लावलंय. तुझ्याबद्दल. वाचलंस?"

तिने चमचा बशीच्या कडेला टेकवला, आईची हनुवटी पुसली.

"चष्मा नाही जवळ," ती म्हणाली. "नंतर बघते."

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. चष्मा काढून मी पुढे धरलासुद्धा. तिने घेतला नाही, सुपात पुन्हा चमचा बुडवला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला चष्मा नाहीच. तीन वर्षं ती माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि तिथून फळ्यावरचं अक्षर न् अक्षर वाचायची.